धावायची वाट कोणाची? दिल्लीच्या रिजवरून एक फेरी

आजचा विषय जरा वेगळा आहे. मी दिल्लीत राहतो आणि रविवारी सकाळी धावायला जातो. धावायची माझी जागा म्हणजे नॉर्दर्न रिज, दिल्ली विद्यापीठाला लागून असलेली जंगलाची टेकडी. या वाटेवर मी कित्येक वर्षं घाम गाळला, पण ती कोणी पाडली आणि कोणासाठी, हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो कसा पडला, ते आज सांगतो.

आधी रिज म्हणजे काय ते पाहू. गुजरातपासून राजस्थान, हरियाणातून येणारी अरवलीची रांग दिल्लीत संपते. ही जगातल्या अतिशय जुन्या डोंगररांगांपैकी एक. झिजून झिजून इतकी बुटकी झाली आहे की नवख्या माणसाला डोंगर दिसतच नाही, फक्त चढ लागतो. दिल्लीतल्या या शेपटाला रिज म्हणतात. १९९४ साली वन कायद्याखाली तिची ७,७७७ हेक्टर जमीन संरक्षित करण्यासाठी अधिसूचना निघाली. आज ती चार तुकड्यांत उरली आहे. माझी टेकडी त्यातला सगळ्यात लहान तुकडा.

आता चला माझ्याबरोबर. विश्वविद्यालय मेट्रोपासून वर आलं की फ्लॅगस्टाफ टॉवर लागतो. गोल, जाड भिंतींचा बुरूज. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा इंग्रज बायका-मुलं जीव मुठीत धरून इथे जमली. मदतीची वाट पाहिली, ती आली नाही, आणि संध्याकाळी सगळे कर्नालच्या दिशेने पळाले. पुढच्याच महिन्यात, ८ जूनला, इंग्रज फौज परत आली आणि तिने ही टेकडी धरली. सप्टेंबरमध्ये दिल्ली घेईपर्यंत ती इथून हलली नाही.

बुरुजापासून दक्षिणेला धावत निघालं की चौबुर्जी मशीद लागते आणि मग हिंदूराव हॉस्पिटल. खालच्या वस्तीचं नावही बाडा हिंदूराव. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे नाव आहे, पण हा हिंदूराव कोण, हे मी विचारलेल्या एकालाही सांगता आलं नाही. मंडळी, हा आपला माणूस. कागलचे हिंदुराव घाटगे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे सख्खे भाऊ. यांचे वडील म्हणजे ते सर्जेराव घाटगे, ज्यांनी १७९८ साली दौलतराव शिंद्यांसाठी पुणेकरांकडून सक्तीने पैसा उकळला होता. १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं आणि हिंदुरावही पुढे दिल्लीला आले. इथे टेकडीवर विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा बंगला होता. १८३५ साली फ्रेझरचा खून झाला आणि नंतर तो बंगला हिंदुरावांनी घेतला. १८५७ चं बंड पाहायला ते जिवंत नव्हते, पण त्यांचा वाडा मात्र लढाईच्या तोंडी सापडला. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या गुरखा पलटणीने तो महिनोन्‌महिने लढवला. तोफगोळ्यांनी भिंतींची चाळण झाली.

हॉस्पिटलजवळच अशोकस्तंभ आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो मेरठहून आणून आपल्या शिकारगाहेत उभा केला. अठराव्या शतकात स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ साली ते पुन्हा जोडले गेले. पुढे लाल दगडाचं बंडाचं स्मारक आहे. इंग्रजांनी ते आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी बांधलं. १९७२ साली त्याचं नाव अजितगढ झालं आणि शेजारी पाटी लागली की इथे ज्यांना शत्रू म्हटलं आहे ते स्वातंत्र्यासाठी लढलेले लोक होते. जेमतेम तीन किलोमीटरची धाव, आणि त्यात एवढा इतिहास.

पण खरी गंमत पुढे आहे. लढाईनंतर, १८५८ साली, फेलिचे बेआतो नावाच्या छायाचित्रकाराने इथले फोटो काढले. त्यात हिंदुरावांचा पडका वाडा दिसतो, आणि झाडं? जवळपास नाहीतच. उघडाबोडका माळ. फौजेने ही जागा धरली त्याचं एक कारणच हे, की इथून शहराच्या तटापर्यंत सगळं नजरेत यायचं. म्हणजे मी ज्याला पुरातन जंगल समजून भक्तिभावाने धावत होतो, ते माझ्या पणजोबांच्या वयाचं निघालं!

मग हे जंगल आलं कुठून? लावलं. माळ होता तेव्हा चंद्रावळसारख्या आसपासच्या गावांतले गुज्जर इथे गुरं चारत. साधारण १८८० च्या दशकापासून इंग्रजांनी झाडं लावायला घेतली, आणि रोपं जगवायची तर गुरं बाहेर काढायला हवीत. १९११ साली दिल्ली राजधानी होणार असं जाहीर झालं आणि कामाला जोर आला. व्हाइसरॉयच्या नव्या वाड्यामागे ओसाड खडक नको, हिरवा पडदा हवा होता. १९१३ साली रिजचा काही भाग राखीव जंगल झाला. त्याच सुमारास रायसीना, मालचा या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मालचाचे बरेच लोक सोनिपतकडे गेले. दिल्लीत उरला तो मालचा मार्ग, आणि त्यावर आज वकिलाती आणि बंगले आहेत.

लावलेल्या झाडांत एक होती विलायती कीकर, आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली. पाणी लागत नाही, पाला गुरं खात नाहीत, त्यामुळे ती फोफावली आणि इथले पळस, हिवर, खैर मागे सारत गेली. संरक्षण मिळालं खरं, पण नेमकं कशाला मिळालं?

हा प्रश्न फक्त दिल्लीचा नाही. आमच्या धावणाऱ्या मंडळींचं स्वप्न असतं हिमालयात पळायचं, आणि उत्तराखंडातली फुलांची दरी म्हणजे तर पंढरी. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली. मेंढपाळांची चराई बंद झाली. पर्यटकाला मात्र तिकीट काढून दिवसा जाता येतं, मुक्कामाला परत घांगरियाला यायचं. पुढे काही अभ्यासकांनी दाखवून दिलं की दरीत पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती पसरते आहे आणि नाजूक फुलांना झाकते आहे. चराई थांबल्यामुळे ती वाढली का, यावर बराच वाद झाला. वाद राहू द्या. मेंढपाळ बाहेर आणि आपण आत, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. रिजच्या दक्षिण भागात, एका फाटकाशी, एक म्हातारी पाच-सहा शेळ्या घेऊन उभी होती. चौकीदार तिला म्हणाला, “अम्मा, चराई बंद है.” आणि मला, माझे रंगीत बूट पाहून, हसून आत सोडलं. म्हातारी मला काही बोलली नाही. नुसती माझ्या बुटांकडे पाहत राहिली. त्या दिवशी माझी धाव काही नीट झाली नाही.

चराई पुन्हा सुरू करा, असं मी म्हणत नाही. दोन कोटींच्या शहराला हे जंगल हवंच आहे, आणि बेसुमार चराईने रोपं मरतात हेही खरं. पण ज्यांना बाहेर ठेवून ही वाट आपल्याला मिळाली, त्यांचं देणं आपल्यावर आहे. दिवे लावा, फरशी घाला, वाट रुंद करा, अशा मागण्या करताना हे आठवावं. शेळीला बंदी आणि काँक्रीटला परवानगी, हे संरक्षण नव्हे.

एक चांगलं उदाहरण जवळच आहे. गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान. तिथे पूर्वी दगडाच्या खाणी होत्या. २०१० पासून नागरिकांनी महापालिकेबरोबर तिथे अरवलीचीच झाडं लावली. आता जवळजवळ चारशे एकरांवर जंगल उभं राहिलं आहे, आणि २०२२ साली त्याला संरक्षित क्षेत्राबाहेर जैवविविधता जपणारी देशातली पहिली जागा म्हणून मान्यता मिळाली. तिथे धावणारेही रोपं लावतात. लावलेलं जंगल चुकीचंच असतं असं नाही. कोण लावतो, काय लावतो आणि कोणाला विचारून लावतो, यावर ते ठरतं.

तुम्ही पुण्यात तळजाईवर धावत असाल, मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जात असाल. पुढच्या वेळी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, “आजोबा, ही वाट आधी कुठे जायची?” उत्तर मिळालं तर मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात.