वाद्यकाष्ठे, तंतुवाद्यांची

तंतुवाद्याची तबली, पाठ, कडा व दांडी यांसाठी वापरल्या जाणाऱ्या निवडक लाकडांस वाद्यकाष्ठे म्हणतात. केवळ तारेच्या कंपनाने हवा फारच थोडी हलते. तारेची कंपने घोडीवाटे तबलीस व तबलीकडून हवेस मिळतात, तेव्हा आवाज भरदार होतो. म्हणून तबलीसाठी हलके पण ताठ लाकूड लागते, याबद्दल कोठेच दुमत नाही. पाठीच्या व कडांच्या लाकडाचे महत्त्व किती, हा मात्र जुना वाद आहे. पश्चिमेकडील मॅपल आणि मिरजेच्या तंबोऱ्यातील तुणी व भोपळा यांच्या इतिहासावरून त्याचे स्वरूप कळते.

ॲसर या प्रजातीतील वृक्षांना मॅपल म्हणतात. ते मुख्यतः उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात. लाकूड फिकट, कठीण व जड असून तंतू नागमोडी असल्यास पृष्ठभागावर आडव्या पट्ट्यांची सुंदर झळाळी दिसते. इटलीतील क्रेमोना येथे आमाती, स्ट्रॅडिव्हेरी व ग्वार्नेरी या घराण्यांनी व्हायोलिनची तबली स्प्रूसची आणि पाठ, कडा व घोडी मॅपलची, अशी वाटणी रूढ केली. गिटारमध्ये मॅपलला प्रतिष्ठा मिळाली ती बरीचशी या व्हायोलिनच्या पुण्याईवर. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन याने व्हायोलिनप्रमाणे कोरीव, फुगीर तबलीची गिटार बनविली. त्याच्या नावाची कंपनी 1902 मध्ये कॅलमझू येथे स्थापन झाली व 1922 मध्ये तिची ‘एल-5’ ही गिटार निघाली. या प्रकारच्या गिटारींच्या पाठीस पुढे मॅपल रूढ झाले. शिसवीच्या मानाने मॅपलमधील कंपने लवकर शमतात. त्यामुळे स्वर सुटे व स्वच्छ ऐकू येतात, असे वादक मानतात.

याच्या कितीतरी आधी, 1862 मध्ये, स्पेनमधील गिटारकार आंतोनियो दे तोरेस याने एका गिटारीची पाठ व कडा चक्क कागदी लगद्याच्या पुठ्ठ्याच्या केल्या. तबली तेवढी स्प्रूसची ठेवली. आवाज तबलीचा असतो, हे त्यास दाखवावयाचे होते. हे वाद्य बार्सेलोना येथील संग्रहालयात जतन केलेले आहे.

तोरेसने प्रयोगाने जे दाखविले ते भारतीय कारागिराच्या नित्याच्या सरावातच होते. तंबोऱ्याची पाठ म्हणजे कडू भोपळ्याचे वाळलेले कवच. मिरजेत हा व्यवसाय सु. 1850 पासून वाढला. तेथील शिकलगार मूळचे तलवारी व भाले यांना धार लावणारे आणि झिलई करणारे. ब्रिटिश अंमलात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर त्यांतील काही कुटुंबे तंतुवाद्यांकडे वळली. या परंपरेचे आद्य कारागीर म्हणून फरीदसाहेबांचे नाव घेतले जाते. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय आणि पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (1872–1937) यांचे मिरजेतील वास्तव्य यांमुळे या वाद्यांस जाणकार गिऱ्हाईक घरबसल्या लाभले.

मिरजेच्या तंबोऱ्याची दांडी, गळा व तबली तुणीची असते. तुणी किंवा कुरक हा निंबाच्या कुलातील वृक्ष. शास्त्रीय नाव टूना सिलिएटा. सह्याद्रीच्या दमट वनांत तो वाढतो. लाकूड तांबूस, सुवासिक, मॅपलहून बरेच हलके व कामास मऊ असते; चांगले मुरलेले असल्यास ते सहसा वाकत नाही. चार तारांचा ताण वर्षानुवर्षे सोसणाऱ्या लांब, पोकळ दांडीस हा गुण फार मोलाचा आहे. भोपळे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे व पंढरपूर या भागांतून येतात. पुरुषांच्या तंबोऱ्यास सव्वा मीटरच्या आसपास घेराचे फळ लागते. ते जाड सालीचे व सुडौल हवे, आणि असे फळ शेतकऱ्याच्या हातचे नसते. पाऊस अवेळी लागला, तर फळ वेलावरच नासते.

तंबोऱ्याची दीर्घकाळ रेंगाळणारी आस मुख्यतः घोडीच्या किंचित बाकदार माथ्यामुळे, म्हणजे जवारीमुळे, येते. तिच्यामुळे एरव्ही अपेक्षित नसलेले उपस्वरही कसे उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखविले. जवारी नीट लागली नसेल, तर उत्तमातील उत्तम तुणीही मुकीच राहते.

गिटारच्या पाठीची परीक्षा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात झाली. मॅपल, महोगनी, सापेली, अक्रोड आणि ब्राझिलियन व भारतीय शिसवी या लाकडांच्या पाठी व कडा असलेल्या, एरव्ही एकसारख्या, सहा गिटारी वादकांना मंद प्रकाशात, लाकूड ओळखू येणार नाही अशा रीतीने, वाजविण्यास दिल्या. सर्वांना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले. एकच चाचणी सर्व वाद मिटवीत नाही. तथापि दुर्मिळ लाकडास मोजल्या जाणाऱ्या किमतीचा मोठा भाग कानापेक्षा डोळ्यांसाठी असतो, असे अनुमान तीवरून काढता येते. ही बाब केवळ रसिकतेची नाही. ब्राझिलियन शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास 1992 पासून बंदी असून 2017 मध्ये शिसवीची बहुतेक सर्व प्रजाती नियंत्रणाखाली आली; तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली.

मिरजेतही हस्तिदंत व साबरशिंग वन्यजीव कायद्यामुळे कालबाह्य झाले आणि त्यांच्या जागी हाड, शिसवी व कृत्रिम पदार्थ आले. 1980 च्या सुमारास प्रचारात आलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने मागणीही घटविली. मिरजेचा तंबोरा व सतार यांना 2024 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने नावाचे संरक्षण होते. तुणीची लागवड आणि भोपळ्याची शेती त्याच्या कक्षेबाहेर राहतात.