ओझे, चाकांचा कल आणि मुंबईची पद्मिनी टॅक्सी

परळच्या भोईवाड्याचे नाव पालखी वाहणाऱ्या भोई समाजाकडे निर्देश करते. पालखीचा दांडा समपातळीत राहण्यासाठी पुढच्या व मागच्या भोयांचे खांदे आणि पाऊल जुळणे आवश्यक असे. ओझे किती, याइतकाच ते कोठे हाही प्रश्न महत्त्वाचा होता. याच परिसरात तो पुढे टॅक्सीच्या रूपाने उपस्थित झाला.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तीच १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. तिची पुढची चाके स्वतंत्र विशबोनवर, तर मागची चाके कमानपाट्यांवर बसविलेल्या सलग अॅक्सलवर असत. मागे भार वाढला की पाटे दबत. पण अॅक्सल सलग असल्याने मागच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभेपणातील कल, फारसा बदलत नसे. बदल होई तो पुढे. बॉनेट उचलले जाई, पुढच्या चाकांचा कॅम्बर व टो ढळे आणि रिकाम्या गाडीवर साधलेली अलाइनमेंट भरल्या गाडीत टिकत नसे. स्टिअरिंग हलके होऊन वळणावरील भरवसा कमी होई. टायरची कड असमान झिजे, तो खर्च अर्थातच चालकाचा.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये नेमलेल्या लाल समितीच्या शिफारशींनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. या निर्णयाची नोंद पर्यावरणाच्या इतिहासात होते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याने गाडीचा तोलही बदलला. पोलादी टाकी डिकीत, मागच्या अॅक्सलच्याही मागे बसली. त्यामुळे रिकाम्या गाडीचेही पुढचे वजन तरफेसारखे थोडे उचलले गेले. सामान टपावरील कॅरिअरवर चढले आणि गाडीचा गुरुत्वमध्य उंचावला.

भोईवाड्यालगत केईएम (१९२६) व टाटा स्मारक (१९४१) ही रुग्णालये आहेत. दादर स्थानकावरून वळकट्या, ट्रंकांसह येणाऱ्या परगावच्या रुग्णकुटुंबाला एकाच टॅक्सीत मावणे भाग असे. दुसरीचे भाडे परवडणारे नसे. सुरक्षिततेचा विचार येथे या कुटुंबांपासून सुरू व्हावयास हवा.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्या जागी आलेल्या अनेक छोट्या गाड्यांत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. टाकी मात्र डिकीतच असते. तेथे मागचे ओझे सुकाणूबरोबर गाडी ओढणाऱ्या चाकांचीही पकड कमी करते.