‘वय झालं’ हे निदान : वृद्धाश्रमातल्या उदासीचा इतिहास

आजचा विषय वृद्धाश्रमातली उदासी. तो आपण इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. घरात आजोबा जेवेनासे झाले, कुणाशी बोलेनासे झाले की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “वय झालं आता.” तिकडे इंग्लंडमध्ये तर शंभरेक वर्षं संस्थाच्या संस्था याच समजुतीवर चालल्या. ही समजूत चुकीची आहे हे तिथे कसं उमगत गेलं, याच्या नोंदी चांगल्या सापडतात, म्हणून आज आपला बराच मुक्काम इंग्लंडात.

सुरुवात १८३४ च्या गरीब कायद्यापासून करू. जवळ पैसा नाही, पाहणारं कुणी नाही, अशाने वर्कहाउसमध्ये जायचं. आतलं राहणीमान बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही खालचं ठेवायचं, म्हणजे उगाच कुणी येणार नाही, असं उघड धोरण होतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धडधाकट कामचुकार माणूस होता; आत साचत गेले ते म्हातारे. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपं दारातच वेगळं व्हायचं. १८४७ मध्ये कायद्याने सांगितलं की साठीपुढच्या नवरा-बायकोला वेगळं राहायची सक्ती करू नका. पण जोडप्यांसाठी खोल्या झाल्या त्या थोड्याच ठिकाणी. अशा जागी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तर त्याला आजार कोण म्हणणार?

आता थेट १९३५ सालात येऊ. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या वर्कहाउसचा दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथले ७१४ रुग्ण मार्जरी वॉरन या डॉक्टरीण बाईंच्या वाट्याला आले. बहुतेक म्हातारे, कितीतरी अंथरुणाला खिळलेले. बाईंनी साधीच गोष्ट केली, एकेकाला तपासलं. कुणाला अर्धांगवायू, कुणाच्या पायाचं हाड मोडलेलं, आणि कुणी केवळ कोणी उठवलं नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून. त्यांनी वॉर्डांना उजळ रंग दिला, दिवे वाढवले, बसायला नीट खुर्च्या आणल्या, चालायचा सराव सुरू केला. बरेच जण उठले, काही तर घरी गेले. मनाच्या आजारांवर बाईंचा भर नव्हता. पण पडून राहण्याने शरीराबरोबर उमेदही जाते, हे त्यांच्या लिखाणात स्पष्ट आहे.

उमेदीचा प्रश्न धसाला लावला तो मार्टिन रॉथ यांनी. १९५५ साली त्यांनी ग्रेलिंगवेल मनोरुग्णालयातल्या साठीपुढच्या ४५० रुग्णांचा अभ्यास छापला. तोवर म्हातारपणीचं मनाचं कोणतंही दुखणं म्हणजे मेंदूची झीज, असा सर्रास समज. रॉथनी आजारांचे गट पाडले आणि सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी त्या माणसांचं काय झालं ते पाहिलं. वार्धक्यातला स्मृतिभ्रंश झालेले दोन वर्षांत बहुतेक वारले होते. नैराश्याच्या गटातले निम्म्याहून अधिक बरे होऊन रुग्णालयाबाहेर पडले होते. दाखल होताना दोघेही गप्प, दोघेही विसराळू, आणि शेवट इतका वेगळा! आमच्या मते या विषयातला सगळ्यात मोठा टप्पा हाच. ज्याचं दुखणं बरं होण्याजोगं आहे, त्याला ‘वय झालं’ म्हणणं म्हणजे उपचार नाकारणं, हे इथून पुढे टाळता येईना.

हे झालं डॉक्टरांचं. पण संस्थेचं काय? १९४८ च्या कायद्याने गरीब कायदा रद्द झाला आणि वृद्धांच्या निवासाची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर आली. मंत्री होते अन्युरिन बेव्हन. निवासातलं नातं हॉटेलवाला आणि पाहुणा यांच्यासारखं असावं, अशी त्यांची कल्पना. दहा वर्षांनी पीटर टाउनसेंड हा तरुण समाजशास्त्रज्ञ प्रत्यक्ष पाहायला निघाला. १९५८-५९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ संस्था त्याने पालथ्या घातल्या. एका जुन्या वर्कहाउसमध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं कामही काही दिवस केलं. पाटी बदलली होती, इमारती कित्येक ठिकाणी त्याच होत्या. १९६२ च्या ‘द लास्ट रिफ्यूज’ या पुस्तकात त्याने लिहिलं की हाताला काम नाही, घरच्यांशी संबंध तुटलेला, शेजारच्या खाटेवरच्याशीही जेमतेम ओळख, खाजगी असं काही नाही, आणि स्वतःचं ठरवायची सवयच जाते. यातले अनेक जण थोडी मदत मिळाली असती तर आपल्या घरी राहू शकले असते, असंही तो म्हणतो.

‘स्वतःचं ठरवणं’ हा धागा पुढे अमेरिकेत पकडला गेला. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेटिकटमधल्या एका नर्सिंग होमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही बघा, सिनेमा कोणत्या दिवशी ते तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर तीच रोपं, तोच सिनेमा. पण सगळं कर्मचारी पाहतील. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त हसरे, जास्त हिंडते-फिरते दिसले. दीड वर्षाने पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ आणि दुसऱ्यातल्या ४४ पैकी १३ वारले होते. हे आकडे व्याख्यानांतून फार मिरवले जातात. नमुना लहान होता, आणि लेखिकांनी पुढे गणितातली चूक दुरुस्त केल्यावर मृत्यूंमधला फरक तितका ठाम उरला नाही, हेही सांगायला हवं.

त्याच साली रिचर्ड शुल्झ यांनी केलेला दुसरा प्रयोग मात्र कुणी फारसा सांगत नाही. वृद्धनिवासातल्या लोकांना भेटायला कॉलेजची मुलं पाठवली. काहींना कधी आणि किती वेळ भेटायचं ते स्वतः ठरवता येई, काहींना निदान वेळ आधी कळे, काहींकडे मुलं अवचित जात, आणि काहींकडे कुणीच जात नसे. पहिले दोन गट खुलले. मग प्रयोग संपला, मुलं यायची थांबली. पुढची काही वर्षं शुल्झ आणि बार्बरा हानुसा यांनी माग ठेवला, तेव्हा जे खुलले होते तेच घसरले. ज्यांच्याकडे कुणी गेलंच नव्हतं, त्यांची तशी घसरण झाली नाही. दिवाळीत फराळ घेऊन वृद्धाश्रमात जाणाऱ्या आपल्या मंडळांनी आणि एनएसएसच्या मुलांनी ही गोष्ट जरूर वाचावी. जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. पण पुढचा वार सांगून या, आणि त्या वारी जा.

निदानाचं साधनही याच काळातलं. जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खास वृद्धांसाठी तीस प्रश्नांची यादी केली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. झोप, भूक, अंगदुखी हे प्रश्न मुद्दाम गाळले, कारण म्हातारपणी या तक्रारी नैराश्य नसतानाही असतात. उरले ते आनंद, कंटाळा, आशा, सोडून दिलेल्या आवडी यांबद्दलचे.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, त्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय. सेवांचे निकष ठरवायचे ते वैद्यकीय देखभाल आणि करमणुकीच्या साधनांचे. सकाळी किती वाजता उठायचं, शेजारी कोण असावं, हे कुणी ठरवायचं, याबद्दल त्या कलमात काही नाही. तुमच्या ओळखीच्या वृद्धाश्रमात ते कोण ठरवतं? प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.