फोर्टपासून आपल्या गेटपर्यंत

आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक सभासद चाळिशीत होते. आता बरेच जण सत्तरीकडे झुकलेत आणि गेटबाहेर पडलं की नजर आधी पायाखाली जाते. सभेतही हल्ली फुटपाथचा विषय निघतोच. तेव्हा मुंबईने पायी चालणाऱ्याला आजवर काय दिलं, ते जरा मागे जाऊन पाहू.

फोर्टमधला दादाभाई नौरोजी रोड, म्हणजे जुना हॉर्नबी रोड, डोळ्यांपुढे आणा. 1896 च्या नियमानुसार तिथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानींची वाट ठेवावी लागली. पाऊस कोसळत असो की मे महिन्याचं ऊन, व्हीटीला उतरलेला कारकून कमानींखालून निघायचा. दुकानं बघत रेंगाळणाऱ्यालाही आडोसा मिळायचा. पुढे फेरीवाल्यांनी त्या भरल्या, तरी पावसात लोक तिथूनच जातात. मला तरी हा मुंबईतला सर्वांत शहाणा फुटपाथ वाटतो.

त्याच साली प्लेग आला. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीवर उपाय म्हणून दादर-माटुंग्याची आखणी झाली. हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत चालणारा घाईत नसतो. त्याला झाडाची सावली हवी, आणि ओळखीचं कुणी भेटलं तर बाजूला उभं राहून बोलण्यापुरती जागा.

स्टेशनची गोष्ट निराळी. 2008 मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला. सकाळी लोकल गाठणाऱ्याची छान सोय! पण संध्याकाळी भाजी, पाव, औषधं घ्यायची ती खालच्या दुकानांतून. शिवाय जिने गुडघ्यांना परवडत नाहीत. 2019 मध्ये तो धोकादायक म्हणून बंदच झाला.

आपला रस्ता सकाळी शाळेचा, दुपारी सामसूम, संध्याकाळी बाजाराचा. कमानी काही मिळणार नाहीत. पण आता काँक्रिटीकरण होणार आहे, तेव्हा मागायची वेळ हीच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या निकषांप्रमाणे फुटपाथची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या कोपऱ्यावर केबलच्या पेटीशेजारी टेप लावली, तर रुंदी पाऊण मीटर भरली.

वॉर्ड ऑफिसला द्यायच्या पत्राचा मसुदा सोसायटीच्या ऑफिसात ठेवलाय. सह्या काम सुरू होण्याआधी व्हायला हव्यात. केमिस्टसमोर बाकडं हवं की नको, हे ज्याने त्याने समासात लिहावं.