हस्ताची वाट पाहणारी बाग

जतच्या बागाइतीचा इतिहास सांगायला निघालो, की पुष्कळांना हसू येते. जत म्हटले म्हणजे माळरान, मुरूम, खिलार जनावरे आणि पाण्याचा टँकर एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. तिथे बाग कुठली, आणि तिला इतिहास तरी कुठला? आमचे म्हणणे असे की, जिथे पाऊस मुबलक आहे तिथे झाड आपोआप वाढते. त्याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. जिथे एकेक झाड जगवावे लागते, तिथे प्रत्येक बागेमागे कोणाची तरी अक्कल आणि कोणाचे तरी कष्ट उभे असतात. त्या अकलेचा आणि त्या कष्टांचा मागोवा घेणे हाच आजचा विषय आहे.

प्रथम आभाळाकडे पाहू. जत हे एकेकाळी डफळे घराण्याचे संस्थान. सातारच्या जहागिरींत त्याची गणना होई. १९४८ साली ते विलीन झाले, १९४९ साली नव्याने केलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे महाबळेश्वर आणि जत ही दोन्ही गावे जुन्या साताऱ्याच्या छत्राखालची. परंतु महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस, आणि जतला सरासरी वीस इंचांच्या आसपास! कारण उघड आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथेच रिते होतात. पुढे सुमारे दीडशे किलोमीटर पूर्वेला जतच्या माळावर येतो तो कोरडा, सुसाट वारा. आषाढ-श्रावणात ढग डोक्यावरून धावत जातात. भुरभुर येते, माती भिजत नाही.

मग जतचा पाऊस कोणता? तो दोन तुकड्यांत येतो. पहिला वळवाचा आणि मृगाचा, मे अखेरीपासून जूनपर्यंत. दुसरा परतीचा. उत्तरा, हस्त, चित्रा या नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, वारा फिरतो, पूर्वेकडून ढग येतात, दुपारी गडगडते आणि एखाद्या तासात शेत भरून जाते. बंगालच्या उपसागरात उठलेले वादळही अशा वेळी इथवर पाणी आणून टाकते. या पावसावर शाळू पिकतो, विहिरीला पाझर फुटतो. म्हणून जतचा शेतकरी मृगाचे स्वागत करतो, पण भरवसा ठेवतो हस्तावर.

इथे आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सण त्यांनी चांद्र महिन्यांवर बसवले, परंतु पेरणी सूर्याच्या नक्षत्रांवर. अधिक महिना आला की तिथी मागेपुढे होतात. मृग मात्र दरसाल जूनच्या ७-८ तारखेला आणि हस्त सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास लागतो. शेतीला हेच पंचांग सोयीचे.

गावातल्या परड्यांतही हेच पंचांग चालते. मृगाचा पाऊस झाला की कुंपणाला दोडका, कारले, घेवडा यांच्या बिया टोचाव्यात; वांगी-मिरचीचे तरू टाकावे; शेवग्याची फांदी खोवावी. मधल्या कोरड्या दिवसांत वेल कोमेजतात, तेव्हा त्यांना मोरीचे पाणी. हस्त पडला की मेथी, कोथिंबीर, पालक यांचे वाफे धरावेत. थंडीत त्यांना पाणी थोडे लागते. उन्हाळ्यात नव्याने काही लावू नये. लिंबू, कढीपत्ता, शेवगा एवढे जगवले तरी गृहिणीने पुष्कळ केले. मोरीच्या पाण्यावर लिंबाचे झाड वाढवणारी बाई ही आमच्या मते या तालुक्यातील पहिली बागाइतदार होय.

डाळिंबाचे शास्त्रही याच आभाळातून निघाले. डाळिंबाला तीन बहार धरता येतात: थंडी सरताना आंबे बहार, पावसाच्या आरंभी मृग बहार आणि परतीच्या पावसावर हस्त बहार. बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा; पाणी तोडायचे, पाने गळू द्यायची, मग छाटणी, खत आणि पाणी. ताणलेले झाड पाण्याबरोबर फुलावर येते. ज्या वर्षी श्रावण कोरडा जातो, त्या वर्षी हा ताण जतच्या माळावर आपोआप बसतो. ज्या उघडिपीने बाजरी करपते, तीच डाळिंबाच्या कामी येते! शिवाय दमट हवेत तेल्या रोग मृग बहारावर अधिक पडतो. म्हणून पुष्कळांनी हस्त बहार पत्करला. मात्र त्याचे फळ फाल्गुन-चैत्रापर्यंत पोसावे लागते, आणि तेवढे पाणी विहिरीत असावे लागते. सगळा पेच आहे तो इथे.

हा पेच सुटला नाही तेव्हा काय घडले ते पाहू. १८७६ साली पावसाने दगा दिला आणि विजापूर, सोलापूर, सातारा या सगळ्या मुलखावर दुष्काळ कोसळला. जतचा कारभार १८७४ पासून १८८५ पर्यंत इंग्रज सरकारने आपल्या हाती घेतलेला होता. तेव्हा या आपत्तीचा दोष केवळ संस्थानिकांवर टाकता येत नाही. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या पुरुष मजुराचे धान्य रोजी एक पौंडावर, म्हणजे सुमारे अर्ध्या शेरावर, आणि वर किरकोळ पैशांवर आणून ठेवले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा शेर! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. संपाचा इतिहास गिरण्यांपासून सुरू होतो असे आम्हांला शिकवले जाते. परंतु नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली त्याच्या काही वर्षे आधी, दख्खनच्या उपाशी शेतमजुरांनी हत्यार खाली ठेवले होते, हे विसरता कामा नये.

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ एकाच दशकात आले. १९०१ च्या खानेसुमारीत जत संस्थानची लोकसंख्या, डफळापूर धरून, ६८,६६५ भरली; दहा वर्षांत ती शेकडा १४ ने घटली होती. जत गावात तेव्हा ५,४०४ माणसे होती. कोणी प्लेगाने गेले, कोणी उपासाने, कोणी परागंदा झाले. आम्हां संघटनेच्या माणसांना हजेरीपट वाचायची सवय. त्या सवयीने हा आकडा वाचावा. सात माणसांतले एक माणूस गैरहजर आहे. पाऊस कमी पडणे हे आभाळाचे काम. माणूस गैरहजर होणे हे व्यवस्थेचे काम.

व्यवस्था बदलली तेव्हा बागही आली, हे पुढच्या इतिहासावरून दिसते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे आमच्याच जिल्ह्यातील विसापूरचे. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रथम अजमावली गेली. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही त्यांच्या हातची करणी. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९९० साली फळबाग लागवड त्या योजनेला जोडण्यात आली. खड्डा खणण्याची मजुरी योजनेतून मिळू लागली, आणि सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात मुरमाड जमिनीवर डाळिंब आणि बोर उभे राहिले. ठिबकाने थोडे पाणी पुष्कळ झाडांना पुरवले. द्राक्षही आले. चैत्रात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि फेब्रुवारीपासून शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा वाळवायचा. कोरडी हवा हा जतचा शाप मानला जाई. बेदाण्याने त्याचे भांडवल केले.

परंतु आभाळाने आता आपली रीत मोडायला आरंभ केला आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस हटेना. नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागांत डाऊनी पडला, घड कुजले. माघ-फाल्गुनात अवकाळी सर आली तर जाळीवरचा बेदाणा काळा पडतो. अशा वेळी तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि ज्याच्या नावे सातबारा त्याला थोडीफार भरपाई मिळते. ती मिळावीच, बागाइतदारही कर्जात बुडालेला असतो. परंतु ज्या बाया घड उतरवायच्या, बेदाणा निवडायच्या, त्यांचे महिन्याचे काम एका रात्रीत वाहून गेले, त्याची नोंद कोणत्या रकान्यात? पंचनाम्यात मजुराचा रकानाच नाही. हस्त कोरडा गेला की जतमधून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या वाढतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. १९०१ चा गैरहजर माणूस आजही दिवाळीनंतर गैरहजर होतो. फरक इतकाच, की तो बहुधा परत येतो.

उपाय पाण्यात आहे, आणि पाण्याच्या वाट्यात आहे. मुंबईच्या गिरण्यांचा संप १९८२ साली सुरू झाला तेव्हा खानापूर तालुक्यातील अनेक कामगार गावी परतले आणि त्यांना तिथे दुष्काळ भेटला. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली आणि येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला होता. १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव देशमुख यांनी तिथे कृष्णेचे पाणी मागितले, ते समन्यायी वाटपाच्या अटीसह. म्हैसाळला कृष्णेतून उपसलेले पाणी टप्प्याटप्प्याने चढत जतच्या काही भागांत आले. पूर्वेकडील कानडी बोलणाऱ्या गावांचा पाणीप्रश्न २०२२ च्या नोव्हेंबरात सीमावादाच्या निमित्ताने दोन्ही राज्यांत गाजला. सीमा कुठलीही असो, त्या गावांचे मागणे एकच होते: पाणी.

कालवा येईल तेव्हा मोठा बागाइतदार पाण्याचा वाटा घेईलच. प्रश्न आहे तो परड्यात लिंबू जगवणाऱ्या बाईचा आणि बागेत खड्डे खणणाऱ्या मजुराचा. पाण्याच्या नोंदवहीत आणि नुकसानीच्या पंचनाम्यात या दोघांसाठी एकेक रकाना वाढवावा, एवढेच आमचे मागणे आहे. हस्ताचा पाऊस पडताना बांध कोणाचा हे पाहत नाही. कालव्याच्या पाण्याचा कायदा त्याहून कोता असू नये.