यवतमाळ जिल्ह्यातील प्रवेश-मुलाखती आणि माजी विद्यार्थी

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्रवेश मुख्यतः गुणपत्रिकेवर होत आला आहे. बारावीचा निकाल लागला की अर्ज, टीसी आणि जातीचा दाखला घेऊन रांगेत उभे राहायचे, मेरिट लिस्टमध्ये नाव शोधायचे आणि फी भरायची. 1983 मध्ये जिल्हा नागपूर विद्यापीठाकडून नव्या अमरावती विद्यापीठाकडे गेला, तरी ही रीत बदलली नाही. ‘हेच का शिकायचे आहे?’ असा प्रश्न उमेदवाराला समोर बसवून विचारला जाण्याची वेळ इथल्या बहुतेक मुलांवर आलीच नाही.

प्रवेशासाठी मुलाखत घेण्याची आणि त्या कामी माजी विद्यार्थ्यांना बसवण्याची पद्धत रुजली ती अमेरिकेत, पहिल्या महायुद्धानंतर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन येथे तोवर मुख्यतः लेखी परीक्षेवर प्रवेश मिळे आणि स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील मुले ती परीक्षा मोठ्या संख्येने उत्तीर्ण होऊ लागली होती. 1922 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आणण्याचा आग्रह धरला. उघड मर्यादेला विरोध झाला. मग ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष पुढे आले. अर्जासोबत छायाचित्र, शिफारसपत्रे आणि मुलाखत मागितली जाऊ लागली. मुलगा आपल्यातला वाटतो का, हे गावोगावचे माजी विद्यार्थी कळवत. समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी 2005 च्या ‘द चोझन’ या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. मुलाखतीत घराण्याचे वळण गुणांवर मात करू शकते, हा धोका तेव्हापासूनचा आहे आणि तो भारतातही तितकाच खरा आहे.

भारतात मुलाखतीचे महत्त्व टिकले ते मोजक्या संस्थांत. 1936 मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि 1944 पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी ‘टिस’ ही त्यांपैकी एक. बेंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठही लेखी परीक्षेनंतर उमेदवारांशी बोलते. मात्र मुलाखत कशी असते, काय विचारतात, मराठीतून शिकलेल्या मुलाने कुठे थांबून विचार करावा, हे शहरातल्या घरांत कोणा काका-मावशीकडून, सीनियरकडून आपोआप कळते. कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर), बंजारा तांड्यावर किंवा कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरात सांगणारे कोणी नसते.

ही उणीव भरून काढण्याचा जिल्ह्यातील सर्वांत ठळक प्रयत्न 2017 मध्ये यवतमाळात सुरू झाला. बुलडाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून आलेले आणि ‘टिस’मधून शिकलेले राजू केंद्रे यांनी ‘एकलव्य’ हा उपक्रम उभारला. घरात उच्च शिक्षण घेणाऱ्या पहिल्याच पिढीतील मुलांना देशातील नामांकित संस्थांपर्यंत नेणे हा त्याचा हेतू. केंद्रे स्वतः 2021 मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. पुढे परदेशी विद्यापीठांसाठीचे मार्गदर्शनही या कामात आले.

अमेरिकेत माजी विद्यार्थी संस्थेच्या बाजूने बसत असे. इथे तो उमेदवाराच्या शेजारी बसला. नामांकित संस्थांत शिकलेले तरुण कार्यशाळांत परीक्षेची तयारी करून घेतात, उद्देशपत्र तपासतात आणि सरावाच्या मुलाखती घेतात. अशा सरावात खरे काम इंग्रजीचे कमी आणि अनुभव मांडण्याचे जास्त असते. बोंडअळीने गेलेले पीक, कर्जाचा हप्ता, ऊसतोडीला गेलेली माणसे, वनहक्काचा दावा यांविषयी मुलगा घरात रोज ऐकतो, पण ते सांगण्याजोगे ज्ञान आहे असे त्याला वाटत नाही. सामाजिक विज्ञानाच्या मुलाखतीत नेमके तेच मोलाचे ठरते. प्रवेश मिळालेला विद्यार्थी पुढच्या तुकडीचा मार्गदर्शक होऊ शकतो, आणि शहरी घरांना वारशाने मिळणारी ओळखीची साखळी इथे अशी नव्याने जोडली जाते.

2024 पासून ‘टिस’च्या पदव्युत्तर प्रवेशासाठी स्वतःच्या परीक्षेऐवजी केंद्रीय सीयूईटी परीक्षा आली. त्यामुळे तयारीचा भर या परीक्षेकडे वळला असून, तालुक्याच्या गावी राहून ती तयारी करणाऱ्या मुलांना अशा मार्गदर्शकांची गरज तेवढीच कायम आहे.