संदेश कोणी ऐकायचे?

परराष्ट्राचे बिनतारी संदेश टिपून, त्यांची सांकेतिक लिपी उकलून माहिती मिळवणे, म्हणजेच संदेश-गुप्तवार्ता, ही विद्या भारतात ब्रिटिशांच्या युद्धगरजेतून रुजली. दुसऱ्या महायुद्धात जपानी संदेश उकलण्यासाठी दिल्लीतील आनंद पर्बत येथे ‘वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर’ उभारण्यात आले. नाव प्रयोगशाळेचे असले, तरी ते इंग्लंडमधील ब्लेचली पार्क या संकेतलिपी उकलणाऱ्या केंद्राचे दूरस्थ ठाणे होते. वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे १९४१ ते १९४३ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. परंतु त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते होते आणि युद्धखाते सरसेनापतींच्या हाती होते, त्यामुळे हे केंद्र त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले.

स्वातंत्र्यानंतर परदेशी वार्तेचा भार गृहखात्याच्या गुप्तवार्ता विभागावर, म्हणजे ‘आयबी’वर, राहिला आणि सैन्यदलांनी आपापली वेगळी व्यवस्था ठेवली. या रचनेचे उणेपण १९६२च्या चीनयुद्धात उघडे पडले. पराभवाच्या चौकशीचा गोषवारा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत मांडला, तेव्हा वार्ता संथपणे मिळत होती, ती मोघम होती आणि तिची छाननीही नीट होत नव्हती, असे त्यांनी मान्य केले. मूळ अहवाल गुप्तच ठेवला गेला. त्या लोकसभेत नागपूरचे प्रतिनिधी म्हणून वृद्ध अणे होते. लोकप्रतिनिधींच्या वाट्याला आला तो एवढा गोषवाराच.

त्याच वर्षी आकाशातून टेहळणी करणारे आणि संदेश टिपणारे ‘एव्हिएशन रिसर्च सेंटर’ आयबीच्या छत्राखाली स्थापन झाले. सप्टेंबर १९६८ मध्ये मात्र इंदिरा गांधींनी आयबीची परदेशी शाखा तोडून ‘रॉ’ ही संस्था मंत्रिमंडळ सचिवालयात उभी केली, तिची सूत्रे रामेश्वरनाथ काव यांच्याकडे दिली आणि ते केंद्रही तिच्याकडे गेले. त्या वेळी गृहमंत्री चव्हाणच होते. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी वार्तेतील त्रुटी सभागृहात सांगितल्या, त्यांच्याच खात्याच्या हातून परदेशी वार्ता पंतप्रधानांकडे सरकली. याला सुधारणा म्हणावे तितकेच सत्तेचे स्थलांतरही म्हणावे लागते.

अशी ओढाताण केवळ भारतीय नव्हती. अमेरिकेत १९४९ साली तिन्ही दलांसाठी नेमलेली संदेश-गुप्तवार्तेची संयुक्त संस्था दलांच्या आडमुठेपणामुळे दुबळी ठरली, म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९५२ मध्ये ‘नॅशनल सिक्युरिटी एजन्सी’ स्थापन केली.

भारतात तसा निर्णय व्हायला कारगिलचे युद्ध घडावे लागले. मे १९९९ मध्ये रॉने बीजिंगमध्ये असलेले पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ आणि रावळपिंडीतील त्यांचे सहकारी अझीझ यांचे दूरध्वनी संभाषण टिपले व सरकारने ते जूनमध्ये जाहीर केले. पण घुसखोरीची चाहूल वेळेत लागली नव्हती, आणि टिपण्याची क्षमता असूनही जुळवणी नसणे हेच खरे दुखणे होते. के. सुब्रह्मण्यम समितीच्या चौकशीनंतर मंत्रिगटाने तांत्रिक वार्तेसाठी स्वतंत्र संस्था सुचवली आणि २००४ मध्ये ‘एनटीआरओ’ जन्मली. जुन्या संस्थांची यंत्रणा तरीही त्यांच्याकडे राहिली. २० डिसेंबर २०१८ रोजी गृहमंत्रालयाने संगणकीय माहिती टिपण्याचा अधिकार १० यंत्रणांना दिला, त्या यादीत आयबी, रॉ, प्राप्तिकराचे केंद्रीय मंडळ, इतकेच काय, दिल्लीचे पोलीस आयुक्तही होते. लष्कराच्या संदेश-गुप्तवार्ता संचालनालयाला जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत व आसामपुरती मुभा मिळाली, आणि एनटीआरओचे नाव त्यात नव्हते.